दिव्यवाणी आणि दफ्तर

धर्मसंस्थापकाच्या मुखातून ईश्वर बोलत असतो तोवर अनुयायांना घटनेची गरज भासत नाही. परंतु ती वाणी एकदा थांबली, की तिचे शेवटचे शब्द कोणी ऐकले, ते कोणी टिपून ठेवले आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे उरला, या प्रश्नांवर पुढे शतकानुशतके वाद, बहिष्कार आणि प्रसंगी रक्तपातही होत राहतो, असा बहुतेक प्रकटित धर्मांचा इतिहास आहे. पदे, परिषदा, न्यायासने, मुद्रा आणि दफ्तरे तेथे मागाहून येतात, आणि मागाहून आली म्हणूनच श्रद्धावंतांच्या मनात त्यांच्याविषयी थोडा दुरावा कायम राहतो. दक्षिण व्हिएतनाममध्ये १९२६ साली जाहीर झालेल्या काओ दाई धर्माने हा क्रम पाळला नाही. स्थापनेच्या उत्सवातच, साक्षात परमेश्वराच्या आदेशाने, त्याला आपली धर्मघटना मिळाली. कोणत्या पदावर किती माणसे असावीत, त्यांना कोणी निवडावे, कायदा कोणी करावा आणि तो कोणी अडवावा, हे सारे त्या दिव्य संदेशातच सांगितले गेले. ईश्वराने मोक्षाच्या बरोबरीने कार्यपद्धतीचाही विचार करावा, ही गोष्ट धर्मेतिहासात विरळा आहे, आणि तिच्याकडे नुसते कौतुकाने पाहून पुढे निघून जाणे मला योग्य वाटत नाही. कारण या घटनेत सत्तेविषयीचा एक खोल आणि निर्भय विचार आहे, आणि त्या विचारापासून तिच्याच रक्षकांनी संकटाच्या काळी फारकत घेतली, अशी माझी धारणा आहे.

ज्यांच्या हातून हे कार्य घडले त्यांच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य फ्रेंच अमलाखालील कोचीन-चीनच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, कचेऱ्यांत गेले होते. या परमेश्वराचा पहिला शिष्य न्गो वान चियू हा फू क्वोक बेटावरचा एक प्रशासकीय अधिकारी. विश्वव्यापी नेत्राचे जे चिन्ह आज प्रत्येक काओ दाई मंदिरात पूजिले जाते, ते त्याला तेथे दिसले. पुढे १९२५ साली सैगोनमध्ये फाम काँग ताक, काओ क्विन्ह कू आणि काओ होआय सांग हे सरकारी खात्यांत नोकरी करणारे तीन तरुण रात्री मेजाभोवती बसून मृतात्म्यांशी संवाद करू लागले, आणि त्या संवादातून एका अनाम परमात्म्याने आपली ओळख हळूहळू प्रकट केली. त्यांना येऊन मिळालेला ले वान त्रुंग हा वसाहतीच्या प्रातिनिधिक मंडळात बसलेला गृहस्थ होता, आणि ज्या मंडळात फ्रेंच सभासदांचे बहुमत होते व देशी सभासदांच्या शब्दाला शेवटी फारशी किंमत नसे, त्या मंडळाच्या कामकाजाचा त्याला प्रत्यक्ष अनुभव होता. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी अठ्ठावीस जणांच्या सह्यांनिशी नव्या धर्माचे जाहीर निवेदन कोचीन-चीनच्या गव्हर्नरकडे धाडण्यात आले, आणि पुढच्याच महिन्यात ताय निन्ह प्रांतातील गो केन येथील एका बौद्ध मंदिरात स्थापनेचा उत्सव झाला. ज्यांनी उभा जन्म परक्यांची फर्माने नकलून काढण्यात घालविला होता, त्यांना स्वतःच्या देवाकडून लाभलेला पहिला मोठा प्रसाद घटनेच्या रूपाने मिळावा, यात मला केवळ योगायोग दिसत नाही. राज्यकर्त्यांनी जे प्रातिनिधिक शासन त्यांना नाकारले होते, ते त्यांनी धर्माच्या क्षेत्रात उभे केले.

फाप चान्ह त्रुएन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेचा गाभा तीन प्रासादांच्या कल्पनेत आहे. बात क्वाय दाई म्हणजे अष्टकोनी प्रासाद. तो परमेश्वराचा, देवतांचा आणि सिद्धपुरुषांचा, अर्थात धर्माचा आत्मा. कुउ त्रुंग दाई म्हणजे नऊ पायऱ्यांचा प्रासाद. तो पदाधिकाऱ्यांचा, कारभाराचा, म्हणजे धर्माचे शरीर. या दोहोंच्या मध्ये, आत्मा आणि शरीर यांना जोडणाऱ्या प्राणाच्या जागी, हिएप थिएन दाई, म्हणजे स्वर्गाशी संयोग घडविणारा प्रासाद. ताय निन्हजवळच्या लाँग थान्ह गावी जंगल तोडून उभारलेल्या आणि १९५५ साली समारंभपूर्वक खुल्या झालेल्या महामंदिरात ही घटना दगडाविटांत उतरलेली आहे: दर्शनी भागातील मनोरे संयोगप्रासादाचे, मधला लांब सभामंडप नऊ टप्प्यांनी चढत जाणारा, आणि सर्वांत आत अष्टकोनी गर्भगृहात निळ्या गोलावर रेखलेला तो एकच नेत्र. तेथे प्रार्थनेला उभा राहिलेला भाविक धर्माच्या राज्ययंत्राच्या आत उभा असतो. सर्वोच्च प्रासादात एकही जिवंत मनुष्य बसत नाही, ही या रचनेतील पहिली लक्षणीय गोष्ट होय. अंतिम सत्तेचे स्थान मानवापासून काढून घेतले गेले आहे, आणि जे कोणी खाली अधिकार चालवितात ते सारे मुखत्यार आहेत.

कारभाराच्या प्रासादाकडे वळले म्हणजे ही मुखत्यारी किती बारकाईने बांधून घातलेली आहे ते दिसते. शिरोभागी एक ज्याओ तोंग, म्हणजे धर्मप्रमुख. त्याच्या खाली तीन चुओंग फाप, त्यांच्या खाली तीन दाउ सू, मग छत्तीस फोय सू, बहात्तर ज्याओ सू आणि तीन हजार ज्याओ हूउ. त्याखालच्या ले सान्ह या पदाला संख्येची मर्यादा नाही. छत्तीस स्वर्ग, बहात्तर भूगोल आणि तीन हजार लोक या विश्वरचनेशी हे आकडे जुळविलेले असल्याने कोणाही धर्मप्रमुखाला आपल्या मर्जीतील माणसांसाठी वरची पदे वाढविता येत नाहीत. दाउ सूपासून खालचा सारा पदाधिकारी वर्ग पुन्हा तीन शाखांत विभागलेला आहे: बौद्ध परंपरेची थाय शाखा पिवळ्या वस्त्रांची, ताओ परंपरेची थुओंग शाखा निळ्या वस्त्रांची आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेची न्गोक शाखा तांबड्या वस्त्रांची. व्हिएतनामच्या मनोभूमीत शतकानुशतके नांदत आलेल्या तीन धर्मांचा समन्वय हे काओ दाईचे तत्त्वज्ञान. पण तत्त्वज्ञानातील समन्वयाचे रूपांतर सत्तेच्या समान वाटणीत करावे, हे त्याच्या घटनाकारांचे स्वतःचे शहाणपण आहे.

धर्मप्रमुखाविषयी ही घटना जे सांगते ते मला सर्वांत धीट वाटते. तो अनुयायांचा पिता नाही, थोरला भाऊ आहे. आणि त्याचा अंमल त्यांच्या देहावर चालतो, आत्म्यावर चालत नाही. दाउ सूंनी कायद्याचा मसुदा करावा, पण धर्मप्रमुखाच्या संमतीवाचून तो लागू होऊ नये; धर्मप्रमुखाने आज्ञा काढावी, पण तिन्ही दाउ सूंनी ती पाळण्याचे नाकारले तर ती त्याच्याकडे परत यावी आणि चुओंग फापांनी तिची फेरतपासणी करावी; आणि तिन्ही चुओंग फापांच्या मुद्रांनी शिक्कामोर्तब झाल्याखेरीज कोणताही कायदा अमलात येऊ नये. एखादी आज्ञा लोकांच्या जीवनाला जाचक होत असेल तर ती रद्द करण्याची विनंती करण्याचा हक्कही दाउ सूंना स्पष्टपणे दिलेला आहे. ईश्वराच्या नावाने काढलेली आज्ञा लोकांना जाचक होऊ शकते, हे ईश्वरानेच आपल्या घटनेत गृहीत धरावे, याहून अधिक मोठी श्रद्धा मनुष्याच्या विवेकावर ठेवता येत नाही.

निवडीचा क्रमही याच वृत्तीचा आहे. साध्या भक्ताला ले सान्ह व्हायचे असेल तर भक्तांनी त्याला निवडावे. ले सान्हला ज्याओ हूउ व्हायचे असेल तर ले सान्हांनी. तीन हजारांनी बहात्तरांतला, बहात्तरांनी छत्तीसांतला, छत्तीसांनी तिघांतला निवडावा, असा हा सोपान चढत जातो. आणि शेवटच्या पायरीवर तो अकस्मात पुन्हा खाली येतो, कारण धर्मप्रमुखाच्या पदासाठी चुओंग फाप आणि दाउ सू यांना उभे राहता येत असले, तरी त्यांना निवडण्याचा हक्क समस्त शिष्यांचा आहे. रोमच्या पोपला मूठभर कार्डिनल निवडतात, आणि ताय निन्हच्या पदरचनेची तुलना अभ्यासक वारंवार रोमशी करतात. परंतु पोशाखांचे आणि पदनामांचे साम्य पाहून काढलेला हा निष्कर्ष मतदानाच्या या कलमापाशी टिकत नाही. या साऱ्या निवडणुकांना घटनेने अपवाद एकच ठेवला आहे: परमेश्वर स्वतः प्रकट होऊन एखाद्याला पद देईल तर ती गोष्ट निराळी. एवढ्याशा अपवादातून पुढचा सारा इतिहास आत शिरला.

म्हणून आता संयोगप्रासादाकडे पाहिले पाहिजे. काओ दाईत परमेश्वराचा संदेश येतो तो चोचीसारखी दांडी असलेल्या वेताच्या टोपलीतून. दोन माध्यमे ती धरून बसतात, तिची चोच अक्षरे रेखीत जाते आणि शेजारचा लेखक ती टिपून घेतो. हे साधन इतके सुलभ आहे, की कोणत्याही गावातील कोणतीही दोन माणसे उद्या नवा ईश्वरी आदेश घेऊन उभी राहू शकतात, आणि ज्या धर्माचे अधिष्ठानच असे आहे त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, असे प्रथमदर्शनी वाटते: एक तर रोज नवे फर्मान आणि रोज नवा पंथ, नाही तर टोपली कायमची कुलुपात. ताय निन्हच्या मुख्य पीठाने तिसरी वाट काढली. दिव्यवाणी ऐकण्याचे काम संयोगप्रासादाकडे आणि आज्ञा करण्याचे काम कारभाराच्या प्रासादाकडे, अशी वाटणी करून ज्याच्या कानी ईश्वर बोलतो त्याच्या हाती तिजोरी आणि हुकुमत येणार नाही, आणि ज्याच्या हाती हुकुमत आहे त्याला ईश्वराचा शब्द दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागेल, अशी व्यवस्था त्याने केली. संयोगप्रासादाचा प्रमुख तो हो फाप, म्हणजे धर्मनियमांचा रक्षक. हे पद फाम काँग ताक याला मिळाले. त्याच्या जोडीला थुओंग फाम आणि थुओंग सान्ह ही दोन पदे, आणि त्यांच्या हाताखाली बारा कालाधिपती. हाच प्रासाद न्यायासनही आहे: त्याची एक शाखा निवाडा करते, दुसरी आरोपी भाविकाची कैफियत मांडते, तिसरी आरोप ठेवते. भक्ताच्या बचावासाठी स्वर्गाने स्वतःहून वकील नेमून दिला आहे, ही कल्पना ज्या माणसांना सुचली त्यांनी वसाहतीच्या न्यायालयांच्या दारात ताटकळणारे दीन खेडूत पाहिले असले पाहिजेत.

धर्मप्रमुख आणि हो फाप यांचे एकमत झाले म्हणजे परमेश्वराची सत्ता पृथ्वीवर पूर्ण रूपाने अवतरते, असे हा धर्म मानतो. एकट्याच्या हाती ती कधीच नसते. आणि या सत्तेसमोर तो तितक्याच तोलाची दुसरी सत्ता उभी करतो, तिला सर्व जीवमात्रांची सत्ता असे म्हणतो. लोकांच्या प्रतिनिधींची सभा, पदाधिकाऱ्यांची सभा आणि सर्वोच्च पदस्थांची वरिष्ठ सभा, या तिन्ही सभांतून क्रमाने पार पडलेला ठराव म्हणजे या जीवसत्तेचा उच्चार. आणि ईशसत्ता व जीवसत्ता यांच्यात विरोध आला तर निर्णय मागायचा तो अष्टकोनी प्रासादाकडे. परमेश्वराच्या प्रतिनिधींशी सामान्य जीवांचा मतभेद होऊ शकतो, आणि तो झाला तर दोन्ही पक्ष एकाच दरबारात समान अर्जदार म्हणून उभे राहतात, हे तत्त्व मला लोकशाहीच्या कित्येक ग्रंथांपेक्षा अधिक धर्म्य वाटते.

गावपातळीवर या रचनेचे जे रूप दिसते ते तर विशेष हृद्य आहे. प्रत्येक गावच्या मंडळींचा एक प्रमुख असतो, त्याच्या हाताखाली वस्तीवस्तीचे सहायक असतात, आणि प्रत्येक सहायकाबरोबर नियमांवर लक्ष ठेवणारा एक निरीक्षक असतो. गावप्रमुखाला धाकटा दाउ सू, सहायकाला धाकटा ज्याओ तोंग आणि निरीक्षकाला धाकटा हो फाप मानले जाते. भातखाचरांत गुडघाभर चिखलात राबणारा शेतकरी आपल्या वाडीपुरता धर्मप्रमुख होतो, शेजाऱ्याच्या घरी मरण ओढवले की अंत्यविधीची तजवीज करतो, भांडण मिटवितो, आणि त्याच्या कामावर नजर ठेवायला दुसरा शेतकरी नेमलेला असतो. ताय निन्हच्या केंद्रात पुढे अर्थ, धान्य, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, शेती, तंटेनिवारण, नेमणुका आणि विधी अशी नऊ खाती चालली. त्यांच्या जोडीने धर्मादाय कार्याची स्वतंत्र शाखा उभी राहिली. परंतु लक्षावधी कुळांना आणि भूमिहीनांना या धर्माने जे आश्रयस्थान दिले, ते खात्यांमुळे कमी आणि त्या धाकट्या पदांमुळे अधिक, असे मला वाटते. ज्याला सरकारदरबारी नाव नव्हते त्याला येथे हुद्दा मिळाला, आणि हुद्द्याबरोबर जबाबदारी.

अशी ही घटना पहिल्या दहा वर्षांतच हादरली. न्गो वान चियूने धर्मप्रमुखपद स्वीकारले नाही. पदांचा आणि गर्दीचा मार्ग त्याला मानवला नाही, आणि एकांतसाधनेची निराळी परंपरा मागे ठेवून तो १९३२ साली निवर्तला. सर्वोच्च पदाचे अदृश्य अर्धे चीनच्या थांग काळातील कवी ली बाय याच्या आत्म्याकडे राहिले आणि दृश्य अर्धे ले वान त्रुंगने हंगामी प्रमुख म्हणून सांभाळले. त्याच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या. न्गुएन न्गोक तुओंग आणि ले बा त्रांग हे दोन वरिष्ठ पदाधिकारी बाहेर पडून बेन त्रे येथे गेले. मी थो आणि इतर ठिकाणीही निराळ्या शाखा निघाल्या. १९३४ च्या अखेरीस ले वान त्रुंग वारला. पुढच्या वर्षी बेन त्रेच्या मंडळींनी तुओंगला आपला धर्मप्रमुख निवडले, आणि ताय निन्हला हो फाप फाम काँग ताक याच्याकडे संयोगप्रासादाबरोबर कारभाराच्या प्रासादाचीही सूत्रे देण्यात आली. ऐकणारा आणि आज्ञा करणारा एक झाला. घटनेने ज्या दोन हातांना मोठ्या कष्टाने वेगळे ठेवले होते, ते एकाच देहाला जोडले गेले, आणि धर्मप्रमुखाचे आसन तेव्हापासून आजतागायत ताय निन्हला रिकामे आहे.

ताकच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते बाजूला सारणे अन्याय होईल. फ्रेंच सरकार या धर्माकडे राजकीय कट म्हणूनच पाहत होते. पोलिसांचा ससेमिरा, मंदिरांना टाळे आणि शेवटी १९४१ साली खुद्द ताकची हद्दपारी, अशा काळात अनुयायी कोणाच्या तरी एकाच शब्दाभोवती जमा झाले नसते तर संस्था उरलीच नसती. १९४६ साली तो परत आला तेव्हा जपानी अमलाच्या, क्रांतीच्या आणि फ्रेंचांच्या पुनरागमनाच्या धामधुमीत धर्माचे स्वतःचे सैन्य उभे राहिले होते, आणि ताय निन्ह हे जणू एक लहानसे राज्य झाले होते. मंदिर त्याने पुरे केले, शाळा आणि रस्ते केले, हजारो निराश्रितांना आसरा दिला. हे सर्व मान्य करूनही मी असे म्हणेन, की एकाच पुरुषात सामावलेल्या सत्तेने जे मिळविले ते एका पुरुषाच्या हद्दपारीने गमावले जाण्यासारखे होते. दक्षिण व्हिएतनामचा राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम याच्या राजवटीने ते सैन्य मोडून काढले, ताक १९५६ साली कंबोडियातील नॉमपेन्हला निघून गेला आणि १९५९ साली तेथेच निवर्तला. त्याच्यामागे पदाधिकारी होते, सभा होत्या, मंदिरे होती, पण निवडणुकीने सर्वोच्च पद भरण्याची वहिवाट मात्र कधी पडलीच नव्हती. ती घटनेत लिहिलेली होती. तिचा उपयोग करण्याऐवजी स्वर्गाच्या संदेशाची वाट पाहणे सर्वांना अधिक सुरक्षित वाटत राहिले, आणि अपवादाने नियमाची जागा बळकावली.

घटनेच्या मूळ मजकुरात दोष नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने स्वतंत्र पदश्रेणी दिली, त्यांच्या पदांना संख्येचे बंधनही घातले नाही, ही गोष्ट १९२० नंतरच्या दशकातील आशियात थोर होती. पण ही श्रेणी दाउ सूच्या पायरीवर थांबते. चुओंग फाप आणि ज्याओ तोंग ही पदे स्त्रीला बंद आहेत, आणि त्याचे कारण असे दिले जाते की स्त्रीतत्त्व पुरुषतत्त्वावर प्रबळ झाले तर विश्व अंधारून नाश पावेल. ज्या धर्मात जगन्मातेची उपासना परमपित्याच्या जोडीने होते आणि तिच्यासाठी ताय निन्हला स्वतंत्र मंदिर आहे, त्या धर्माने असे म्हणावे हे मला अतिशय दुःखद वाटते. संयोगप्रासादानेच पुढे या कलमाविषयी प्रश्न विचारावा आणि वेगळे उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे, अशी मोकळीक याच घटनेच्या वृत्तीत आहे.

१९७५ च्या साम्यवादी विजयानंतरचा अध्याय थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्यात निर्णय बाहेरून आले. नव्या शासनाच्या दडपणाखाली १९७९ मध्ये धर्मसभेची, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या सभेची, जुनी श्रेणी विसर्जित झाली आणि तिच्या जागी एक लहान व्यवस्थापक मंडळ आले. टोपलीतून येणारी दिव्यवाणी अंधश्रद्धा म्हणून बंद झाली. १९९७ साली शासनाने ताय निन्हच्या संस्थेला मान्यता दिली, २००६ मध्ये ताकचे अवशेष नॉमपेन्हहून परत आणून ताय निन्हला ठेवण्यात आले, उत्सव पुन्हा भरू लागले. परंतु अनेक भाविक, विशेषतः अमेरिकेत स्थायिक झालेले, ही मान्यताप्राप्त संस्था खरी वारस नव्हे असे मानतात. कॅलिफोर्नियातील मंदिरे स्वतःच्या निवडलेल्या समित्यांवर चालतात, आणि मूळ धर्मसभा पुन्हा स्थापण्याचा अधिकार कोणाला आहे, हा वाद दोन्ही किनाऱ्यांवर चालू आहे. या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट समान गृहीत धरतात, आणि ती मला पटत नाही. त्यांच्या मते दिव्यवाणी बंद आहे तोवर घटनाही स्थगित आहे. पण १९२६ च्या त्या संदेशात ईश्वरी नेमणूक हा अपवाद आहे आणि निवड हा नियम. ले सान्हांची निवड भक्तांनी करावी, आणि तेथून वर चढत चढत सर्व शिष्यांनी आपला थोरला भाऊ निवडावा, यासाठी त्या घटनेने कोणत्याही माध्यमाची अट घातलेली नाही. स्वर्ग बोलत असो वा नसो, पहिल्या पायरीवरचे मतदान खेड्यातल्या भक्तांच्या हातचे आहे. ते कोणाच्या परवानगीने सुरू करायचे हा प्रश्न शासनाशी आहे, परमेश्वराशी नाही, आणि शासनाला तो विचारताना भक्तांनी आपली घटना आधी स्वतः वाचलेली असली पाहिजे.